चाळीस मजले, आतून उतरवलेले

२०१२च्या हिवाळ्यात टोकियोच्या अकासाका-मित्सुके स्थानकातून रोज ये-जा करणाऱ्या लोकांना एक गोष्ट जाणवायला लागली. खंदकापलीकडच्या टेकाडावरचं पांढरं हॉटेल बुटकं होत चाललं होतं. आभाळात क्रेनचे हात नव्हते, धुळीचे लोट नव्हते, घणांचा दणदणाट नव्हता. छप्पर होतं तसंच होतं. पण दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहावं तर इमारत दोन मजल्यांनी खाली आलेली असायची. सुमारे १३९ मीटर उंचीचं, चाळीस मजली हॉटेल असं उतरत उतरत २०१३च्या उन्हाळ्यापर्यंत जमिनीला मिळालं. त्याची भराभर पळवलेली चित्रफीत तेव्हा जगभर पाहिली गेली आणि बहुतेकांनी ती जादूचा खेळ म्हणून पाहिली.

ते हॉटेल म्हणजे अकासाका प्रिन्स. टोकियोकर त्याला लाडाने ‘अकापुरी’ म्हणत. उंच इमारत बांधणाऱ्यांचं कौतुक सगळीकडे होतं. ती पाडणाऱ्यांचं कौशल्य मात्र फारसं कुणी पाहत नाही, आणि पाडायचं ठरवणाऱ्यांना कुणी फारसे प्रश्न विचारत नाही. अकापुरीच्या गोष्टीत या दोन्ही बाजू इतक्या स्वच्छ दिसतात, की मला ती एका इमारतीपुरती राहिलेली वाटत नाही. पाडण्याची कला बघून मन भरून येतं. पाडण्याचा निर्णय मात्र मला आजही पटलेला नाही.

जागेपासून सुरुवात करायला हवी, कारण या टेकाडावर काहीही सहजासहजी उगवलेलं नाही.

या भागाचं नाव किओइचो. एदो काळात इथे तीन बड्या घराण्यांचे वाडे होते: कि प्रांताचे तोकुगावा, ओवारीचे तोकुगावा आणि हिकोनेचे ई. तिघांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन भागाचं नाव पडलं. शोगुनच्या किल्ल्याभोवतीच्या बाहेरच्या खंदकाचा एक तुकडा अजून इथे पाणी धरून आहे. त्यावर बेंकेइ नावाचा पूल आहे, पुलाखाली मासे धरायला भाड्याने मिळणाऱ्या होड्या आहेत, आणि पलीकडे अकासाका दरवाजाच्या दगडी तटाचा उरलेला भाग आहे. एकावर एक न चुकता बसवलेले ते चिरे शेजारच्या उन्नत महामार्गाखालून जाताना सहज नजरेत भरतात. भुयारी रेल्वेचे पाच मार्ग या परिसराच्या पोटातून जातात. पुढच्या हकिकतीत हा तपशील कामाला येणार आहे.

तोकुगावांचा काळ सरल्यावर कि घराण्याच्या वाड्याची ही जागा राजघराण्यातल्या किताशिराकावा शाखेकडे गेली. त्यानंतर १९३० साली इथे एक देखणा युरोपीय धाटणीचा बंगला उभा राहिला, तो कोरियाच्या शेवटच्या युवराजासाठी. यी उन हे त्याचं नाव. १९०७ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, शिक्षणाच्या नावाखाली त्याला जपानला आणलं गेलं. तीन वर्षांनी जपानने कोरिया गिळंकृत केला आणि त्याचं राज्यच उरलं नाही. १९२० साली त्याचं लग्न नाशिमोतो घराण्यातल्या मासाको या जपानी राजकन्येशी लावून दिलं गेलं. टोकदार कमानी, उघड्या लाकडी चौकटींच्या भिंती आणि उतरती छपरं असलेला तो बंगला राजवाड्याच्या खात्यातल्या वास्तुकारांनी मन लावून केलेला आहे. पण ज्याच्यासाठी तो बांधला, त्याला तिथून निघून आपल्या देशात राहायला जाण्याची मुभा नव्हती.

महायुद्ध संपलं. १९४७ साली राजघराण्याच्या शाखांच्या पदव्या गेल्या, सवलती गेल्या आणि वर जबर कर बसले. एकामागून एक वाडे विक्रीला निघाले. ते विकत घेणाऱ्यांत सेइबू समूहाचे यासुजिरो त्सुत्सुमी सगळ्यांत चपळ होते. राजकुमारांच्या जागांवर त्यांनी हॉटेलं काढली आणि त्यांना नाव दिलं ‘प्रिन्स’. यी उन यांचा बंगलाही त्यांच्याकडे गेला आणि १९५५ साली तिथे अकासाका प्रिन्स हॉटेल सुरू झालं. यी उन १९६३ साली, आजारी अवस्थेत, कोरियाला परतू शकले. सात वर्षांनी ते वारले. त्यांची पत्नी, कोरियात जिला यी बांगजा म्हणतात, तिथेच राहिली आणि अपंग मुलांसाठी काम करत १९८९ साली गेली. ज्या घरात ते दोघं संसार करत होते, तिथे तोवर लग्नांचे स्वागतसमारंभ होत होते.

बंगल्याशेजारी मनोरा आला तो १९८२ साली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टोकियोत उंच इमारतच नव्हती म्हटलं तरी चालेल. भूकंपाच्या धास्तीने आणि जुन्या नगररचना कायद्याने इमारतीची उंची ३१ मीटरवर अडवून ठेवली होती. ती अट १९६३मध्ये सुटायला लागली. पुढच्याच वर्षी ऑलिंपिक होतं, पाहुण्यांना खोल्या हव्या होत्या आणि याच किओइचोत हॉटेल न्यू ओतानी सतरा मजले चढलं. १९६८ साली कासुमिगासेकीची ३६ मजली इमारत झाली. तिच्यामागे कियोशी मुतो या संरचनातज्ज्ञांचं गणित होतं. भूकंपाशी हटून झुंजायचं नाही, इमारतीला डोलू द्यायचं. जुने लाकडी पॅगोडे हजार वर्षं हेच करत आले होते. १९७१मध्ये शिंजुकूत ४७ मजली केइओ प्लाझा उघडलं. त्यानंतर जपानमध्ये उंच हॉटेल ही नवलाई राहिली नाही.

अकासाका प्रिन्सच्या नव्या मनोऱ्याचं काम केन्झो तांगे यांच्याकडे गेलं. हिरोशिमाचं शांतता स्मारक संग्रहालय आणि १९६४च्या ऑलिंपिकची योयोगीची जलतरण व्यायामशाळा त्यांचीच. योयोगीचं ते छप्पर ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे, त्यांना तांगे कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. १९८७ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले जपानी. अकापुरीत त्यांनी एक साधी पण फार अवघड गोष्ट साधली. मोठ्या हॉटेलात कोपऱ्याची खोली महाग असते, कारण तिला दोन बाजूंनी उजेड मिळतो. तांगेंनी आराखडाच इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुमडला आणि दोन्ही पंखांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकवल्या. त्यामुळे रांगेतली प्रत्येक खोली कोपऱ्याची झाली. ७६१ खोल्या, आणि जवळजवळ सगळ्यांना दोन बाजूंनी खिडक्या. बाहेरून पाहिलं तर अॅल्युमिनियम आणि काचेचा तो पांढरा पडदा दिवसभर सावल्यांनी घड्या पडल्यासारखा दिसे. आतल्या प्रवेशदालनातही पांढरा संगमरवर होता. काही टीकाकारांना तो थंड वाटला. मला फोटोंत तो थंड वाटत नाही. माणसं कपड्यांत, फुलांत, सामानात स्वतःचे रंग घेऊन येतील, असं गृहीत धरून सोडलेला तो पांढरा रंग आहे.

१९८२चा फेब्रुवारी याच परिसरात भयंकर गेला होता. इथून चालत जाण्याच्या अंतरावर नागाताचोतल्या हॉटेल न्यू जपानला पहाटे आग लागली. दहा मजली इमारत, पण आग विझवणारे पाण्याचे फवारे पुरेसे बसवलेच नव्हते. ३३ माणसं गेली. खिडक्यांना लोंबकळणारे पाहुणे देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. अग्निशमन खात्याने वारंवार दिलेल्या सूचनांकडे केलेल्या दुर्लक्षाबद्दल मालकाला पुढे शिक्षा झाली. जळकी इमारत वर्षानुवर्षं तशीच उभी होती. नवा मनोरा उघडला तेव्हा समोर हे दृश्य होतं, ही गोष्ट अकापुरीच्या झगमगाटाच्या आठवणींत सहसा येत नाही.

मनोरा १९८३च्या मार्चमध्ये पाहुण्यांसाठी खुला झाला आणि काही वर्षांतच जपानमध्ये पैशाला पूर आला. जमिनींचे भाव, शेअरचे भाव, सगळं वर. १९८९च्या शेवटच्या व्यवहारात निक्केइ निर्देशांक ३८,९१५वर बंद झाला. सेइबूचे तेव्हाचे सर्वेसर्वा, यासुजिरोंचे चिरंजीव योशिआकी त्सुत्सुमी, त्या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांच्या यादीत पहिले होते. तरुणांसाठी अकापुरी म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं ठिकाण. महागडं जेवण, भेटीचा दागिना आणि उंचावरच्या खोलीतून दिसणारं शहर, हा बेत महिनोन्महिने आधी ठरवावा लागे. आज साठीच्या आसपास असलेल्या टोकियोकरांसमोर अकापुरी म्हणून पाहावं, चेहऱ्यावर ती रात्र उमटते. जुन्या बंगल्याच्या बाजूला सत्ताधारी पक्षातल्या एका बलाढ्य गटाची कचेरीही बराच काळ या हॉटेलात होती, त्यामुळे राजकारणाच्या बातम्यांतही त्याचं नाव सतत येई.

फुगा फुटला. हॉटेल चालू राहिलं, पण शहरात पार्क हयात आलं, मग मँडरिन ओरिएंटल, रिट्झ-कार्लटन, पेनिन्सुला. मोठ्या खोल्या, उंच छतं. अकापुरीच्या खोल्यांचं छत बुटकं होतं आणि करवती आराखड्यात भिंती हलवून खोल्या मोठ्या करायला वाव नव्हता. तांगेंनी प्रत्येकाला दिलेला कोपराच शेवटी अडचण ठरला. त्याच सुमारास सेइबू समूह घोटाळ्यात सापडला. २००५ साली योशिआकींना अटक झाली. त्याच महिन्यात तांगे वारले. २०१०मध्ये कंपनीने जाहीर केलं, की पुढच्या मार्चअखेर हॉटेल बंद होईल आणि मनोरा पाडला जाईल. तेव्हा त्याचं वय तीस वर्षंही नव्हतं.

तांगेंच्या वाट्याला हे नवीन नव्हतं. त्यांची १९५७ची टोकियो महानगर कचेरी १९९१ साली पाडली गेली, तिच्या जागी पुढे टोकियो इंटरनॅशनल फोरम आलं. ओमोतेसान्दोवरची हानाए मोरी इमारत २०१०मध्ये गेली. जपानमध्ये जमिनीला किंमत असते आणि वरच्या बांधकामाची किंमत दरवर्षी घसरते, असा हिशेब घरांपासून मनोऱ्यांपर्यंत चालतो. हा हिशेब मला मान्य नाही. काँक्रीट आणि पोलाद करायला जी ऊर्जा लागते, ती तीस वर्षांत फिटत नाही. आणि शहराची आठवण तर ताळेबंदात कुठेच मांडता येत नाही.

हॉटेल बंद व्हायला वीस दिवस उरले असताना, ११ मार्च २०११ रोजी, तोहोकूच्या किनाऱ्याला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं. फुकुशिमाची अणुभट्टी टोकियोपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. भट्टीच्या आसपासची गावं रिकामी झाली. माणसं व्यायामशाळांच्या लाकडी फरशीवर, पुठ्ठ्यांच्या आडोशाने, शेकड्यांनी झोपत होती. आणि इकडे टोकियोच्या मधोमध सातशेहून अधिक सुसज्ज खोल्या रिकाम्या होणार होत्या. महानगर सरकारने सेइबूशी बोलणी केली. हॉटेल ठरल्या दिवशी बंद झालं आणि एप्रिलमध्ये त्याच खोल्या विस्थापितांसाठी उघडल्या. सुमारे १६०० जणांची सोय करण्याची तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात शेकडो माणसं आली, बहुतेक फुकुशिमाची, आणि जूनअखेरपर्यंत राहिली. खोलीचं भाडं नव्हतं.

अकापुरीचं खरं मोल मला इथे दिसतं. ज्या खोलीसाठी ऐंशीच्या दशकात तरुण मुलं पगार साठवत, त्या खोलीत आता एक कुटुंब होतं. दाराला कडी होती. स्वतःचं न्हाणीघर होतं. आठवड्यांनंतर पहिल्यांदा आई-मुलांना कुणाच्या नजरेशिवाय झोपता आलं. दोन बाजूंच्या खिडक्यांतून उजेड येत होता, आणि तो पैशाचा हिशेब न करता सगळ्यांना सारखाच मिळत होता. ज्यांची शेतं, गुरं, शाळा मागे राहिल्या होत्या, त्यांना संगमरवरी दालनात अवघडल्यासारखं झालं असणार, हेही खरं. पण छत बुटकं आहे म्हणून निकामी ठरवलेली ती इमारत माणसांना राहायला उत्तम होती, हे त्या तीन महिन्यांत सिद्ध झालं. त्यानंतरही ती पाडायचं ठरलं ते ठरलंच.

आता ती पाडली कशी, हे बारकाईने बघण्यासारखं आहे.

ऑगस्ट २०२२मध्ये नोएडाचे जोडमनोरे काही सेकंदांत कोसळताना आपण सगळ्यांनी पाहिले. हजारो किलो स्फोटकं, आणि मग कितीतरी वेळ न बसणारी धूळ. किओइचोत तसं करणं कल्पनेतही शक्य नव्हतं. खाली भुयारी रेल्वे, एका बाजूला महामार्ग, आसपास कचेऱ्या, हॉटेलं आणि शंभर पावलांवर टोकियोचा सांस्कृतिक वारसा ठरलेला बंगला. जपानमध्ये उंच इमारत पाडायची रूढ रीत म्हणजे सगळीकडून परांच्या बांधायच्या, छोटी यंत्रं छतावर चढवायची आणि वरून एकेक मजला कुरतडत खाली यायचं. पण शंभर मीटरांवर वारा जोराचा असतो. तुकडा निसटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही, आणि धूळ व आवाज तर सगळ्या वस्तीवर पसरतात.

वेगळी वाट आधी काजिमा कंपनीने दाखवली होती. २००८ साली तिने इथून जवळच, अकासाकातलीच आपली जुनी मुख्य कचेरी खालून पाडली. तळमजल्याचे खांब कापायचे, त्यांच्या जागी जॅक द्यायचे, सगळी इमारत एका मजल्याने खाली घ्यायची, की पुन्हा तळमजला. जपानी मुलांचा दारुमा-ओतोशी नावाचा खेळ आहे, लाकडी हातोडीने खालची चकती उडवायची आणि वरची बाहुली पडू द्यायची नाही. आपल्या लगोरीच्या अगदी उलट. लोकांनी त्या पद्धतीला त्याच खेळाचं नाव दिलं.

अकापुरीसाठी ताइसेइ कंपनीने दुसरी युक्ती काढली. तिचं नाव तेकोरेप. इथे छप्पर पाडायचंच नाही. इमारतीचा माथा अख्खा ठेवून त्याला पोलादी सांगाड्याने मजबूत करायचं, त्याच्या कडांवरून खाली वरच्या काही मजल्यांना पुरतील असे बंद पडदे सोडायचे, आणि हा सगळा टोप आतल्या तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोलायचा. खांबांच्या बुडाशी जॅक. मग टोपाच्या आत, घरात काम केल्यासारखं, मजला उतरवायला घ्यायचा. आधी स्लॅबचे तुकडे, मग तुळया, मग खांब. छताला टांगलेली क्रेन आतल्या आत फिरते. पाऊस आला तरी काम थांबत नाही, वारा तर लागतच नाही. दोन मजले मोकळे झाले, की जॅक सोडत टोप अलगद खाली आणायचा, आणि पुढच्या दोन मजल्यांना हात घालायचा. याला साधारण दहा दिवस लागत. रस्त्यावरच्या माणसाला दिसे ती फक्त टोपाची जागा बदललेली. कंपनीच्या सांगण्यानुसार धूळ नव्वद टक्क्यांपर्यंत घटली.

मला त्यातला सर्वांत आवडलेला भाग तुळया खाली सोडण्याचा आहे. कापलेले तुकडे बाहेरून फेकायचे नाहीत, मजल्यांना मधोमध पाडलेल्या भोकांतून आतल्या क्रेनने उतरवायचे. जड वस्तू खाली जाताना क्रेनची मोटर उलटी फिरते आणि वीज तयार करते. ती बॅटऱ्यांत साठवून टोपाच्या आतले दिवे आणि पंखे चालवले. इमारत उभी करताना प्रत्येक तुळई वर चढवायला जी शक्ती खर्च झाली होती, तिचा थोडासा अंश तीस वर्षांनी अशा रीतीने परत घेतला गेला. खाली आलेलं पोलाद आणि काँक्रीट वेगवेगळं करून पुनर्वापराला पाठवणं हे तिथल्या २०००च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

मनोरा गेला, बंगला मात्र राहिला. २०११ साली टोकियोने त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिलं होतं, पण तो नव्या बांधकामाच्या आड येत होता. म्हणून तो सरकवला. जपानी कारागीर पिढ्यान्पिढ्या लाकडी घरं उचलून नेत आले आहेत, इथे वजन होतं सुमारे ५,००० टन. पायाखालून जमीन खणून काढली, खाली पोलादी चौकट घातली, इमारत जॅकवर घेतली आणि रुळांवरून सुमारे ४४ मीटर पुढे ढकलली. आतल्या कोरीव जिन्यासकट, रंगीत काचांसकट. ज्या माणसाला हे घर सोडून जाऊ दिलं गेलं नाही, त्याच्या घरासाठी एवढी निगुती घेतली गेली, हे वाचताना आनंद आणि खंत एकदमच होतात. आता तिथे लग्नं लागतात, मेजवान्या झडतात.

२०१६मध्ये त्या जागी टोकियो गार्डन टेरेस किओइचो हे संकुल उभं राहिलं. मनोरा ३६ मजली, उंची १८० मीटर. मजले आधीपेक्षा कमी आणि उंची जास्त, म्हणजे छतं उंच झाली. खाली कचेऱ्या, आणि वरच्या सात मजल्यांवर प्रिन्सचंच नवं हॉटेल, २५० खोल्यांचं. व्यवसाय म्हणून हे गणित पक्कं आहे, कचेऱ्यांचं भाडं दरमहा येतं. ताइसेइच्या टोपानंतर उंच इमारती पाडण्याची जपानी तंत्रंही पुढे सरकली. हामामात्सुचोतली १९७० सालची जागतिक व्यापार केंद्राची इमारत, दीडशे मीटरांहून उंच, गेल्या काही वर्षांत अशीच शांतपणे उतरवली गेली. ही तंत्रं जितकी सफाईदार होतील तितका पाडण्याचा निर्णय सोपा होत जाईल, ही माझी भीती आहे. धूळ नाही, आवाज नाही, म्हणून तक्रारही नाही.

दुसरा रस्ता होता, आणि तो बघायला किओइचोच्या बाहेर जावं लागत नाही. शेजारीच, रस्ता ओलांडून, हॉटेल न्यू ओतानी उभं आहे. एके काळचे सुमो पैलवान आणि पुढे पोलादाचे कारखानदार झालेले योनेतारो ओतानी यांनी ते ऑलिंपिकसाठी सतरा महिन्यांत बांधून घेतलं. इतक्या थोड्या वेळात हजाराहून अधिक न्हाणीघरं गवंड्यांकडून बांधून होणं अशक्य होतं, म्हणून कारखान्यात तयार झालेली हलकी न्हाणीघरं आणून बसवली. आज जपानभर घरोघरी दिसणाऱ्या तयार न्हाणीघरांची परंपरा तिथून वाढली. माथ्यावरच्या फिरत्या उपाहारगृहासाठी युद्धनौकेच्या तोफांचे बुरूज फिरवणारं तंत्र कामाला लावलं होतं. ते हॉटेलही जुनं झालं, त्याच्याही खोल्या नव्या स्पर्धेत मागे पडल्या. २००७पर्यंत चाललेल्या कामात त्याच्या मालकांनी सांगाडा ठेवला, बाहेरची कातडी पूर्ण उतरवून उष्णता अडवणारी नवी काच बसवली आणि आतल्या खोल्या नव्याने आखल्या. अकासाका प्रिन्सपेक्षा ती इमारत अठरा वर्षांनी मोठी आहे आणि तिच्या १९६४च्या खांबांवर आजही हॉटेल चालू आहे.